गावाने आशाताईंच्या कामात कसे उतरावे : कोल्हापूर जिल्ह्यातील ग्रामसमित्या व कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही गावात आशाताईंचे, म्हणजे गावातूनच निवडलेल्या आरोग्य कार्यकर्तीचे, घर कुठे आहे असे विचारले, तर शाळकरी मूलही गल्ली दाखवते. त्याच गावात ग्राम आरोग्य समितीचे सदस्य कोण आहेत असे विचारले, तर बहुतेक वेळा वही शोधावी लागते आणि वहीत नाव असलेल्या सदस्यालाही आपण सदस्य आहोत हे त्या दिवशी प्रथम कळते. लोकसहभागाची योजना म्हणून जी योजना आखली गेली, तिच्यात लोक लाभार्थी म्हणून उरले आणि सहभाग सह्यांपुरता राहिला, ही स्थिती आपल्याच जिल्ह्यात आहे असे नाही. नेपाळपासून युगांडापर्यंत, जिथे जिथे डॉक्टर कमी आहेत आणि गावातल्याच एका व्यक्तीला शिकवून तिच्यावर आरोग्याचे पहिले काम सोपवले आहे, तिथे हीच अडचण पुन्हा पुन्हा दिसली आहे.

हा लेख सरपंच, समितीचे सदस्य, बचत गटांच्या अध्यक्षा, तरुण मंडळाचे कार्यकर्ते आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांच्यासाठी लिहिला आहे. त्यात मांडलेली भूमिका आधीच स्पष्ट करतो. सहभाग म्हणजे आशाताईंवर देखरेख, असा अर्थ आपण घेत आलो आहोत आणि तो चुकीचा आहे. आशाताईंनी गावाला काय द्यायचे याची यादी शासनाने केलेली आहे, परंतु गावाने आशाताईंना काय द्यायचे याची यादी जवळजवळ कोणत्याही गावात केलेली नाही. पुढील सर्व टप्पे ही दुसरी यादी तयार करण्याचे आणि ती पाळण्याचे टप्पे आहेत.

मागच्या अनुभवांतून घ्यायच्या तीन गोष्टी

पहिला अनुभव अपयशाचा आहे. 2 ऑक्टोबर 1977 रोजी देशात गावोगावी आरोग्य रक्षक नेमण्याची योजना सुरू झाली. मानधन महिन्याला 50 रुपये होते, निवड गावाने करायची होती, आणि प्रत्यक्षात निवडले गेलेले बहुसंख्य लोक पुरुष होते, अनेकदा गावातील वजनदार मंडळींच्या नात्यातले. बाळंतिणीच्या घरात ज्याला जाता येत नाही असा कार्यकर्ता गावाच्या आरोग्याचे निम्मे काम करू शकत नाही, हे कळेपर्यंत योजना विस्कटली होती. ‘गावाने निवडले’ या शब्दांत ‘गाव’ म्हणजे कोण, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

दुसरा अनुभव अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडचा. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे काम सुरू केले, तेव्हा लोकांची पहिली मागणी औषधांची नव्हती, पाण्याची आणि अन्नाची होती. त्यांनी ती मागणी आधी ऐकली. पुरुषांना एकत्र आणण्यासाठी व्हॉलीबॉलचे खेळ घेतले, त्यातून शेतकरी मंडळे झाली, पुढे महिला मंडळे झाली, आणि गावांनी निवडलेल्या आरोग्य सेविकांमध्ये अक्षरओळख नसलेल्या दलित स्त्रियाही होत्या. या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला शिकायला जात. शिक्षण एकदाच देऊन संपवायचे नसते, आणि सेविकेच्या पाठीशी गावात एखादी संघटना उभी असावी लागते, हे तिथे दिसून आले.

तिसरा अनुभव गडचिरोलीचा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्यास शिकवले आणि तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ज्या गृहभेटी देतात, त्यांचे मूळ या कामात आहे. बाळाचा जन्म घरी झाला असेल तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात भेटी होतात. हे वेळापत्रक गावातील प्रत्येक सासूला आणि प्रत्येक बापाला ठाऊक असले पाहिजे, कारण ज्या भेटीची घरात वाट पाहिली जाते ती सहसा चुकत नाही.

पहिला टप्पा : गाव म्हणजे कोण, हे जमिनीवर काढा

समितीची बैठक बोलावण्यापूर्वी गावाचा नकाशा काढावा. देवळासमोरच्या किंवा शाळेच्या पटांगणात खडूने, रांगोळीने, आणि तो बायकांनी काढावा. सरकारी नकाशात रस्ते आणि गट क्रमांक असतात. बायकांच्या नकाशात कोणत्या घरी गरोदर सून आहे, कोणती वस्ती पावसाळ्यात ओढ्यापलीकडे अडकते, कोणत्या गल्लीत आशाताई जातात आणि कोणत्या गल्लीत जात नाहीत, हे सगळे येते.

आपल्या जिल्ह्यात हे काम तालुक्यागणिक वेगळे होते. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगडच्या डोंगराळ पट्ट्यात मुख्य गावापासून दूर असलेले धनगरवाडे नकाशाच्या कडेला ढकलले जातात. आशाताईंची नेमणूक सर्वसाधारणपणे हजार लोकसंख्येमागे एक अशी असली, तरी डोंगराळ आणि आदिवासी भागात वस्तीनुसार नेमणूक करण्याची सवलत योजनेत पहिल्यापासून आहे. ज्या वाड्यापर्यंत पायी दीड तास लागतो तो वाडा गावच्या हजारात मोजून मोकळे होणे अन्यायाचे आहे, वाड्यावरच्या लोकांवर आणि आशाताईंवरही. असा वाडा असल्यास वेगळ्या आशाताईंची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे करावी आणि ठरावात अंतर, घरांची संख्या व पावसाळ्यात वाट किती दिवस बंद असते हे लिहावे.

शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील नदीकाठच्या गावांनी नकाशात पुराची रेषा दाखवावी. 2005, 2019 आणि 2021 या वर्षांत पाणी कुठपर्यंत आले होते हे लोकांच्या स्मरणात पक्के आहे. त्या रेषेच्या आत राहणाऱ्या गरोदर स्त्रिया, डायलिसिसवर असलेले रुग्ण, क्षयरोगाचे किंवा रक्तदाबाचे औषध रोज घेणारे लोक यांची यादी मे महिन्यातच तयार हवी. पुरात आशाताईंचे स्वतःचे घरही बुडालेले असू शकते. ही साधी गोष्ट नियोजनात बहुधा विसरली जाते, म्हणून यादीची दुसरी प्रत उंचावरच्या घरात राहणाऱ्या समिती सदस्याकडे असावी.

ऊसपट्ट्यातील गावांनी साखर कारखान्यांचा हंगाम लक्षात घ्यावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड कुटुंबे गावाबाहेर कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. त्यांची नावे गावच्या मतदार यादीत नसतात, ती ग्रामसभेत येत नाहीत, आणि त्यांच्या मुलांच्या लसीची तारीख त्यांच्या मूळ गावच्या वहीत असते. समितीने टोळी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात मुकादमाला भेटावे, गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालील मुले किती आहेत हे विचारावे आणि ती यादी आशाताईंना व उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेला (नर्सला) द्यावी. कोप्यांवर एकट्या आशाताईंना संध्याकाळी पाठवू नये. मजूर पहाटे फडात जातात आणि उशिरा परततात, त्यामुळे भेटीची वेळ मजुरांच्या सोयीने ठरवावी आणि सोबत एक सदस्य जावा.

दुसरा टप्पा : निवड, आणि निवडीनंतरचे मौन

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल 2005 मध्ये सुरू झाले तेव्हा आशांच्या निवडीची जी पद्धत ठरली, ती आजही वाचण्याजोगी आहे. वस्त्यावस्त्यांवर चर्चा घ्यायची, त्यातून किमान तीन नावे पुढे आणायची आणि अंतिम निवड ग्रामसभेने करायची. उमेदवार त्याच गावची रहिवासी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, साधारण 25 ते 45 वयाची असावी. व्यवहारात अनेकदा एकच नाव येते, ते आधीच ठरलेले असते आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहिला जातो.

पद रिकामे झाल्यास समितीने पुढीलप्रमाणे करावे. प्रथम बचत गटांच्या आणि अंगणवाडीतील मातांच्या बैठका वस्तीनिहाय घ्याव्यात. तिथे ‘कोणाला नेमायचे’ असे न विचारता ‘रात्री दोन वाजता कोणाचे दार वाजवायला तुम्हाला संकोच वाटणार नाही’ असे विचारावे, कारण या प्रश्नाला स्त्रिया खरे उत्तर देतात. त्यातून आलेली नावे ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत मांडावीत. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे आणि तिचा उपयोग इथे खऱ्या अर्थाने होतो. मग ग्रामसभेत तिन्ही नावांवर चर्चा व्हावी. ग्रामसभेची गणसंख्या मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी कमी असेल ती आहे. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते, आणि म्हणूनच हा विषय तहकूब सभेत उरकू देऊ नये.

निवडीत एकल स्त्रियांचा विचार आग्रहाने व्हावा असे मला वाटते. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. असा ठराव केलेल्या गावात एखादी विधवा आशाताई म्हणून निवडली गेली, बाळाच्या बारशाच्या घरात सन्मानाने गेली, तर तो ठराव कागदावरून घरात पोहोचतो.

इतर देशांत निवड कोण करते याकडेही पाहावे. नेपाळमध्ये 1988 पासून चालू असलेल्या महिला आरोग्य स्वयंसेविकांच्या कार्यक्रमात निवडीचा अधिकार गावच्या माता गटाकडे आहे. रवांडात गावकरी आपले आरोग्य कार्यकर्ते स्वतः निवडून देतात. इथिओपियाने 2003 मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात वेगळा मार्ग घेतला आणि स्थानिक मुलींना वर्षभर शिकवून सरकारी पगारावर नेमले. निवड गावाची आणि वेतन सरकारचे, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. वेतन मिळाले की सेवाभाव जातो, हा समज मला कधीच पटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतही कार्यकर्त्यांच्या निवडीत समाजाचा सहभाग असावा आणि कामाच्या प्रमाणात आर्थिक मोबदला दिला जावा, या दोन्ही शिफारशी आहेत.

निवड झाली की गाव गप्प होते. हे होऊ नये म्हणून निवडीच्या त्याच सभेत दोन वाक्ये इतिवृत्तात लिहून घ्यावीत : पहिले, आशाताई गावासाठी काय करतील, दुसरे, गाव आशाताईंसाठी काय करील.

तिसरा टप्पा : समिती जागी करणे

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती हे लांब नाव उच्चारतानाच उत्साह संपतो, म्हणून लोक तिला नुसती ‘आरोग्य समिती’ म्हणतात. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिच्यात किमान 15 सदस्य, त्यांत निम्म्या तरी स्त्रिया आणि गावातील सर्व वस्त्यांचे प्रतिनिधित्व अपेक्षित आहे. सदस्यांची यादी ग्रामपंचायतीतून मिळवावी आणि आपण काढलेल्या नकाशावर प्रत्येक सदस्याचे घर खुणेने दाखवावे. सर्व खुणा गावठाणातील दोन-तीन गल्ल्यांत पडल्या, तर पुढची ग्रामसभा समितीची पुनर्रचना करण्यासाठीच घ्यावी लागेल.

बैठकीची वेळ ठरवताना गावाचे घड्याळ पाहावे. आपल्याकडे ते घड्याळ दूध संस्थेचे असते. सकाळी आणि संध्याकाळी दूध घालायला माणसे तिथे येतातच, त्यामुळे संध्याकाळच्या संकलनानंतर तिथेच जवळ घेतलेली बैठक भरते आणि ग्रामपंचायतीच्या सभागृहात सकाळी अकराला बोलावलेली बैठक ओस पडते. मात्र एक अडचण आहे. रात्री आठच्या बैठकीला स्त्रिया येऊ शकत नाहीत, कारण ती स्वयंपाकाची वेळ असते. एकाच बैठकीत सर्वांना बसवण्याचा हट्ट सोडून, दुपारी तीनला स्त्रियांची आणि संध्याकाळी सर्वांची अशा दोन बैठका घ्याव्यात, आणि दुपारच्या बैठकीतील मुद्दे संध्याकाळी एका स्त्री सदस्येनेच मांडावेत. ते मुद्दे दुसऱ्या कोणी सांगितले की त्यांचा अर्थ बदलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

एका गावातील दुपारच्या बैठकीत बायकांनी सांगितले की उपकेंद्राचे शौचालय कुलूपबंद असते, म्हणून तपासणीच्या दिवशी गरोदर बायका पाणी पिऊन येत नाहीत. संध्याकाळच्या बैठकीत हाच मुद्दा एका कार्यकर्त्याने ‘उपकेंद्रात स्वच्छता हवी’ असा मांडला. कुलूप तसेच राहिले.

बैठकीत पाणी हा कायमचा विषय असावा. पाणी शुद्ध करण्याची टीसीएल पावडर किती शिल्लक आहे, शेवटच्या नळावरच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पाहणारी ओटी चाचणी कोणी आणि कधी केली, त्यात पाणी पिवळे झाले (म्हणजे क्लोरीन आहे) की नाही, हे दर महिन्याला विचारावे. इचलकरंजीत 2012 मध्ये काविळीची मोठी साथ आली होती. पाण्यातून येणारी कावीळ गरोदर स्त्रियांच्या जिवावर बेतते. तापाचा आणि काविळीचा रुग्ण सर्वांत आधी आशाताई पाहतात, परंतु टाकीची चावी त्यांच्याकडे नसते. त्यांनी कळवलेल्या गोष्टीवर पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने किती वेळात हालचाल केली, याची नोंद समितीने ठेवायची असते.

चौथा टप्पा : गावाचे देणे

हा लेखाचा मुख्य भाग आहे.

रात्री-अपरात्री आशाताई एखाद्या स्त्रीला घेऊन ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापूरला सीपीआर या शासकीय रुग्णालयात जातात. तिला दाखल करून झाल्यावर पहाटे त्या परत कशा येतात, हा प्रश्न गावात कोणी विचारत नाही. रुग्णवाहिका रुग्णाला नेते, आणि परत येताना आशाताईंना एसटीची वाट पाहत थांबावे लागते. समितीने गावातील पाच-सहा वाहनधारकांची नावे व फोन क्रमांक लिहून त्यांची आठवड्याची पाळी लावावी. ज्याची पाळी असेल त्याने आणायला जायचे. डिझेलचा खर्च कोठून द्यायचा हे पुढे निधीच्या भागात आहे. तरुण मंडळे गणेशोत्सवात रात्र-रात्र जागतात. महिन्यातून एखादी रात्र त्यांनी या कामासाठी दिली तर आशाताईंच्या घरच्यांची काळजी निम्मी होईल.

दुसरे देणे सुरक्षिततेचे. व्यसनी माणसाच्या घरी, भांडणाच्या घरी, किंवा गृहभेटीत अपमान होतो अशा घरी जाताना सोबत कोण येईल, हे ठरलेले असावे. असा प्रसंग घडल्यास तक्रार आशाताईंनी एकट्याने करू नये. ती समितीने करावी.

या संदर्भात गर्भलिंगनिदानाचा विषय टाळता येत नाही. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे 839 मुली होत्या. ही संख्या जिल्ह्याला बराच काळ सलत राहिली. नोंद झालेली गरोदर स्त्री चौथ्या महिन्यानंतर यादीतून नाहीशी झाली, तर आशाताईंना ते सर्वांत आधी समजते आणि त्या बोलल्या तर सर्वांत आधी त्यांनाच गावात त्रास होतो. नाव सांगणारी बाई म्हणून त्यांना एकटे पाडले जाते. म्हणून हा विषय व्यक्तीच्या नावाने कधीही मांडू नये. समितीने दर तिमाहीत नोंदलेल्या गरोदर स्त्रिया, झालेली बाळंतपणे, गर्भपात आणि जन्मलेल्या मुली-मुलगे यांची फक्त संख्या ग्रामसभेत वाचावी. संख्या गावाला पुरेसे सांगते आणि आशाताईंवर बोट येत नाही.

तिसरे देणे कामाच्या मर्यादेचे. सर्वेक्षण आले, शिबिर आले, कार्ड काढायचे आले, की आशाताईंना सांगा, अशी सवय सर्वच खात्यांना लागली आहे. ग्रामपंचायतही त्यात मागे नाही. समितीने महिन्यातून एकदा आशाताईंना विचारावे की या महिन्यात कोणकोणती कामे सांगितली गेली, त्यांतील कोणत्या कामांना मोबदला आहे आणि कोणत्या कामांमुळे गृहभेट चुकली. याचे उत्तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी पाठवावे. आशाताईंनी स्वतः हे सांगितले तर ती तक्रार ठरते. समितीने सांगितले तर ती गावाची मागणी होते.

मोबदल्याबाबतही असेच आहे. आशाताईंना नियमित पगार नसतो, मोबदल्याचा बराच भाग कामागणिक असतो. नवजात बाळाच्या सर्व गृहभेटी पूर्ण झाल्यावर 250 रुपये मिळतात, त्यापुढे तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंतच्या प्रत्येक तिमाही भेटीला 50 रुपये, अशी त्याची रचना आहे. हे पैसे उशिरा येतात. 2023 च्या अखेरीस आणि 2024 च्या सुरुवातीस राज्यभर आशांनी संप केला, त्यात आपल्या जिल्ह्यातील आशाही होत्या. संपाच्या काळात गावाने काय केले, हे प्रत्येक समितीने आठवून पाहावे. मोबदला थकला असेल तर किती महिन्यांचा थकला आहे, एवढी एक ओळ दर महिन्याच्या इतिवृत्तात असावी आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त थकल्यास ग्रामसभेचा ठराव जिल्हा परिषदेकडे जावा.

पाचवा टप्पा : महिन्याची स्त्रियांची बैठक

झारखंड आणि ओडिशातील आदिवासी भागात ‘एकजूट’ संस्थेने 2005 ते 2008 या काळात स्त्रियांचे गट महिन्यातून एकदा बसवले. तिथे भाषण नव्हते. चित्रे, गोष्टी आणि खेळ यांतून स्त्रिया आपल्या गावात बाळ का दगावते याचा शोध घेत, त्यांतील कोणती अडचण आधी सोडवायची हे ठरवत, उपाय करून पाहत आणि तो जमला का हे पुन्हा एकत्र बसून तपासत. तीन वर्षांत त्या भागात नवजात मृत्युदर तुलनेच्या भागापेक्षा 32 टक्क्यांनी कमी राहिला. 2010 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची शिफारस केली.

आपल्याकडे बचत गटांची महिन्याची बैठक होतेच, त्यामुळे नवी बैठक बोलावण्याची गरज नाही. हप्ता गोळा झाल्यावर अर्धा तास या कामाला द्यावा. बैठक आशाताईंनी घ्यावी, पण बोलावे स्त्रियांनी. पहिल्या बैठकीत एकाच प्रश्नावर बोलावे : मागच्या पाच वर्षांत आपल्या वस्तीत कोणते बाळ किंवा कोणती आई दगावली, आणि त्या दिवशी काय काय घडले? गोष्ट सांगताना दवाखान्यात जायला उशीर का झाला, निर्णय घरात कोणी घेतला, पैसे कोणी दिले, असे प्रश्न आपोआप येतात. दुःख झालेल्या घरातील स्त्रीची आधी स्वतंत्रपणे परवानगी घ्यावी आणि तिला बोलायचे नसेल तर तो प्रसंग घेऊ नये.

सहावा टप्पा : देखरेख कोणाची

महाराष्ट्रात 2007 पासून काही जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख व नियोजनाचा प्रयोग झाला. गावकरी सेवांचे गुणपत्रक तयार करत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडत. या पद्धतीतील चांगला भाग कोणत्याही गावाला वापरता येतो. फक्त प्रश्न योग्य माणसाला विचारायचा. आशाताईंच्या पेटीत ओआरएस, झिंक आणि लोहाच्या गोळ्या आहेत का, वजनकाटा आणि तापमापक चालतात का, हे प्रश्न आशाताईंना विचारले तरी उत्तर प्राथमिक आरोग्य केंद्राने द्यायचे असते. आशाताईंच्या कामाला मार्गदर्शन करणाऱ्या गटप्रवर्तक महिन्यातून किती वेळा आल्या, ग्राम आरोग्य पोषण दिनाला आरोग्य सेविका किती वाजता आल्या, रिकामे पद किती महिने रिकामे आहे, हे गुणपत्रकात असावे. आशाताईंच्या कामाबद्दल एकच प्रश्न पुरेसा आहे, आणि तो घरोघरी माणसे विचारून समजून घ्यावा : ठरलेल्या दिवशी भेट झाली का, आणि झाली नसेल तर का नाही?

गुणपत्रकाकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. युगांडात 50 आरोग्य केंद्रांवर केलेल्या एका अभ्यासात, लोकांना माहिती देऊन कर्मचाऱ्यांशी करार करायला लावल्यावर बालमृत्यू लक्षणीय घटल्याचे 2009 मध्ये दिसले. पुढे 376 केंद्रांवर तसाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला गेला तेव्हा बालमृत्यूत तशी घट आढळली नाही. जिथे औषधेच येत नाहीत आणि वरून कोणी ऐकत नाही, तिथे गावाने फलक रंगवून फारसे काही बदलत नाही. म्हणून गुणपत्रक तयार होण्यापूर्वीच, ते कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्यासमोर वाचायचे आणि उत्तर किती दिवसांत अपेक्षित आहे, हे पत्राने ठरवून घ्यावे.

रुग्णांची नावे सभेत वाचू नयेत. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार यांची माहिती आशाताईंकडे विश्वासाने दिलेली असते. ‘सहभाग’ म्हणून त्यांची वही मागणाऱ्या सदस्याला नकार देण्याचा त्यांचा अधिकार समितीने ठराव करून लिहून ठेवावा.

सातवा टप्पा : पैसा

समितीला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळण्याची तरतूद आहे. रक्कम थोडी आहे, पण तिच्यावर गावाचा निर्णय चालतो हे महत्त्वाचे. खाते कोणत्या बँकेत आहे, सह्या कोणाच्या चालतात, मागील शिल्लक किती, हे पहिल्याच बैठकीत पासबुक समोर ठेवून सर्वांना सांगावे. हा निधी अनेक गावांत मार्चअखेर घाईने खुर्च्या किंवा फलक घेण्यात जातो. त्याऐवजी वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावे : गरीब रुग्णाची तातडीची वाहतूक, पाणी तपासणी, धूरफवारणी, कुपोषित बालकासाठी पूरक आहार. सातबाऱ्याचे चावडीवाचन होते तसे या हिशोबाचेही चावडीवाचन दर तिमाहीत व्हावे.

आशाताईंना आणायला जाणाऱ्या वाहनाचे डिझेल आणि समितीचा इतर लहान खर्च यांसाठी गावाने स्वतःची भर घालावी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते, त्यातून तरतूद मागता येते. दूध संस्था आणि सेवा सोसायट्या वार्षिक सभेत सभासदांच्या संमतीने लहान रक्कम बाजूला ठेवू शकतात. मात्र या देणगीच्या बदल्यात आशाताईंना संस्थेच्या कार्यक्रमांना राबवून घेऊ नये.

शहरी वस्त्यांविषयी थोडे

कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या वस्त्यांत ग्रामसभा नाही, त्यामुळे वरील पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे 50 ते 100 घरांमागे महिला आरोग्य समिती असते आणि तिला वर्षाला 5,000 रुपयांचा निधी मिळण्याची तरतूद आहे. यंत्रमागाच्या पाळीत काम करणाऱ्या घरात दिवसा कोणी भेटत नाही, तेव्हा समितीच्या बाईने त्या घराची योग्य वेळ आशाताईंना कळवणे हेच पहिले काम आहे. भाडेकरू वारंवार बदलतात, म्हणून घरमालकांशी बोलून नवे कुटुंब आल्याची खबर मिळवावी लागते.

सुरुवात कधी आणि कशी

सर्व टप्पे एकदम हाती घेतले तर एकही पूर्ण होत नाही. पहिल्या महिन्यात फक्त नकाशा आणि सदस्यांची यादी एवढेच करावे. दुसऱ्या महिन्यात पासबुक आणि वाहनाची पाळी. तिसऱ्या महिन्यापासून बचत गटातील अर्धा तास सुरू करावा आणि तो वर्षभर न चुकवता चालवावा. गुणपत्रक सहा महिन्यांनंतर, कारण तोपर्यंत समितीने स्वतः काही केलेले असते आणि अधिकाऱ्यांसमोर ती रिकाम्या हाताने जात नाही. 1 मेच्या ग्रामसभेत गावाच्या देण्याची यादी मंजूर करून घेतली, तर पावसाळ्यापूर्वी एक महिना हातात राहतो.

सरपंच बदलले की समिती पुन्हा झोपते, म्हणून एक जाड बांधणीची वही ठेवावी. तिच्यात नकाशाची नक्कल, सदस्यांची नावे, वाहनधारकांचे क्रमांक, प्रत्येक ठराव व त्याला आलेले उत्तर, थकलेल्या मोबदल्याच्या नोंदी आणि पुराच्या वर्षांतील अनुभव असावेत. रुग्णांची नावे या वहीतही नसावीत. ही वही ग्रामपंचायतीच्या कपाटात न ठेवता दर सहा महिन्यांनी वेगवेगळ्या वस्तीतील स्त्री सदस्येच्या घरी ठेवावी आणि ती कोणाच्या घरी आहे हे आशाताईंच्या दारावर लिहून ठेवावे.